बोडीकडून दर्याकडे

भंडारा जिल्ह्यातून समुद्र कुठूनच जवळ नाही. तरी दोन समुद्रांत निवड करायची झाली तर बंगालचा उपसागर जवळचा. सरळ रेषेत विशाखापट्टणम साधारण साडेपाचशे किलोमीटर, मुंबई सातशेच्या पुढे. जिल्ह्याचं पाणीही तिकडेच जातं. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी असे तालुके ओलांडत दक्षिणेला उतरते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि राजमहेंद्री, यानमवरून पूर्व समुद्राला लागते. माणसं मात्र पश्चिमेची वाट धरतात. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसलेला मुलगा मुंबईला जातो नाहीतर पुण्याला, आणि कोणी पाण्याच्या विज्ञानात शिरलाच तर गोव्याला.

मीही पश्चिमेलाच आले. लाखनी तालुक्यातलं माझं गाव धानाचं, आणि आमच्याकडे धानाचं गाव म्हणजे तलावाचं गाव. एक मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव, शेताशेतांत लहान बोड्या. नागपुरात पीएच.डी. केली तीही याच पाण्यावर: उन्हाळ्याच्या पहाटे तलावातला प्राणवायू किती उतरतो, आणि का. पोस्ट-डॉक म्हणून दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जायचं ठरलं तेव्हा ज्यांच्या डोंग्यातून मी पाण्याचे नमुने गोळा करायची त्या ढिवर (मच्छीमार) आबाजींनी विचारलं, "समुद्राचं पानी खारं रायते ना पोरी, मंग तुले तिथं काय कराचं हाये?" प्रश्न रास्त होता. गोड्या पाण्यावर वाढलेल्या माणसाने खाऱ्या पाण्याच्या दारात उभं राहून काय करावं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

समुद्राच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाचा हात पहिल्यांदा पारखला जातो तो प्राणवायूच्या बाटलीवर. पाण्यात सोडता येतील असे इलेक्ट्रॉनिक संवेदक आता आहेत, पण ते खरं सांगतात की नाही हे तपासायला आजही विंकलरची पद्धत लागते. लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ मध्ये मांडली. काचेच्या बाटलीत रबरी नळीने तळापासून पाणी भरायचं, बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही, वरून पाणी चांगलं ओसंडू द्यायचं. मग मँगनीज क्लोराइड, त्यामागोमाग अल्कलीतलं आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असला की मँगनीज त्याला धरतं आणि तपकिरी साका तयार होतो. प्राणवायू जेवढा जास्त तेवढा रंग गडद. पुढे आम्ल घातलं की साका विरघळतो, पिवळट आयोडीन सुटतं आणि ते सोडियम थायोसल्फेटने थेंब थेंब मोजायचं. शेवटाला स्टार्चची निळाई एका थेंबासरशी निघून जाते. तो थेंब ओळखता आला की लोक तुम्हाला आपल्यातलं मानू लागतात.

ही पद्धत मी नागपुरात शिकले होते, पण तिच्यातल्या मँगनीजकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. दोना पावलाला दिलं, कारण घर लांब होतं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, तिथलं मँगनीज डायऑक्साइड विजेच्या कोरड्या सेलमध्ये वापरलं जातं. आमच्या जिल्ह्याची ओळख पोलाद कारखान्यांना या काळ्या दगडाने आहे, जशी बाजारपेठेला भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांनी आहे.

आणि दोना पावलाच्या संस्थेची जगातली ओळखसुद्धा बरीचशी मँगनीजनेच झाली. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजावरून हिंदी महासागराच्या तळातले बहुधात्विक गोटे भारतीय शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वर काढले. मँगनीज, लोह, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे थर एखाद्या माशाच्या दाताभोवती किंवा खड्याभोवती चढत जाऊन हे गोटे बनतात. दहा लाख वर्षांत त्यांची जाडी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातल्या क्षेत्रासाठी 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झालेला भारत हा जगातला पहिला देश. संस्थेत तो काळा गोटा हातात घेतला की तुमसरच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकमधून सांडलेले दगड आठवतात. वजन तेच, काळपट डागही तसाच उठतो.

*

दोना पावलाची ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली. तिच्यामागे १९६२ ते १९६५ या काळात झालेली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम होती. अनेक देशांची जहाजं या महासागरात उतरली, भारताकडून नौदलाची 'कृष्णा' ही नौका होती. मोहीम संपल्यावर जमलेली माणसं आणि नमुने वाऱ्यावर सोडायचे नाहीत, या विचारातून संस्था उभी राहिली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर केरळचे. त्यांना समुद्र परका नव्हता.

मला जास्त जवळचे वाटतात ते सय्यद झहूर कासिम. अलाहाबादचा जन्म, अलीगढला शिक्षण. दोन्ही गावं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. गंगा-यमुनेच्या काठचा हा माणूस वेल्समध्ये जाऊन माशांवर संशोधन करतो, परत येऊन दोना पावलाच्या संस्थेचा संचालक होतो, आणि ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचं नेतृत्व करतो. ९ जानेवारी १९८२ रोजी ही तुकडी बर्फावर उतरली. समुद्राच्या अभ्यासाला किनाऱ्यावरच जन्म घ्यावा लागतो असं ज्यांना वाटतं त्यांना कासिम यांचं आयुष्य सांगावं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या शाळांत तर ते जरूर सांगावं. आमच्याकडे विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडची वाट क्वचितच कोणी दाखवतं.

पोस्ट-डॉक हा प्रकारही आमच्या घरी समजावून सांगावा लागला. डॉक्टरेट झाली, तरी नोकरी नाही. विद्यार्थी नाही, तरी कायमची नेमणूकही नाही. दोन-तीन वर्षांसाठी एखाद्या प्रकल्पावर किंवा शिष्यवृत्तीवर काम करायचं आणि त्या काळात आपलं संशोधन उभं करायचं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये दर वाढवले तेव्हा रिसर्च असोसिएटचं मासिक मानधन तीन पायऱ्यांवर ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये झालं, वर घरभाडे भत्ता. रक्कम ऐकून गावात लोक थक्क झाले. पण मुदत ऐकल्यावर आईने विचारलंच, "मंग पुढं?"

पणजीच्या आसपास खोली शोधणं हे यातलं सर्वांत जिकिरीचं काम. पर्यटकाला दिवसाच्या भावाने खोली देण्यात घरमालकाचा फायदा असतो, त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या संशोधकाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामात दारं बंद मिळतात. पावसाळा लागला की तीच खोली मिळते, पण तेव्हा भिंती ओल धरतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, पुस्तकांची पानं फुगतात. आमच्या भागात पावसाळा म्हणजे रोवणी, चिखल आणि मध्येच चार दिवसांची उघडीप. इथे जून-जुलैत ढग हटतच नाहीत. पणजीहून दोना पावलाला जाणाऱ्या कदंबच्या बसमध्ये ओल्या छत्र्यांचं पाणी पायाशी साचलेलं असतं, आणि चढावर वळण घेताना झुवारीचं राखाडी मुख दिसतं, पलीकडे मुरगावची बंदराची बाजू. घरून आणलेला चिन्नोर तांदूळ मी हवाबंद डब्यात ठेवते. भंडाऱ्याच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भात शिजताना त्याचा वास शेजारच्या खोल्यांपर्यंत जातो आणि ओळख नसलेली माणसंही दारात येतात.

माणसं देशभरातली. मल्याळी, तेलुगू, बंगाली, ओडिया, तमिळ. कोकणी बोलणारे गोमंतकीय. मराठी आहेत पण बहुतेक कोकण, कोल्हापूर, पुण्याकडचे. भंडारा म्हटल्यावर कोणी जेजुरीचा भंडारा समजतं. मी वैनगंगा सांगते, मग गोंदिया सांगते, मग नागपूर सांगते. झाडीपट्टीतली माझी बोली ऐकून मराठी सहकारी थोडे थांबतात, पण कोकणी बायका थांबत नाहीत. त्यांना आणि मला प्रमाण मराठी सारखीच बाहेरची. प्रयोगशाळेतलं काम इंग्रजीत, जेवण हिंदीत, बोटीवर कोकणी.

*

बोटीवर गेल्यावर पहिला धडा भरती-ओहोटीचा. आमचं पाणी एकाच दिशेने जातं. पाऊस पडला, बोडी भरली, सांडव्यावरून खालच्या तलावात गेलं, तिथून नाल्यात, नाल्यातून चुलबंद नदीत, पुढे वैनगंगेत. परत फिरणारं पाणी आम्ही पाहिलेलं नसतं. मांडवी आणि झुवारीत ते दिवसातून दोनदा परत फिरतं, आणि किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत, डोंगरांच्या पायथ्यापर्यंत त्याची चढउतार जाणवते. त्या फिरण्याची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी नऊला जे पाणी मिळालं तेच पाणी उद्या हवं असेल तर घड्याळातले नऊ उपयोगाचे नाहीत. खाडीत नमुने घ्यायचे तर कधी पहाटे तीनला निघावं लागतं. संस्थेत भरतीची छापील कोष्टकं असतात, पण बोट चालवणारा तांडेल तिथी विचारतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कोष्टक आणि तिथी एकच गोष्ट सांगतात, कारण दोन्हींच्या मुळाशी चंद्र आणि सूर्याची ओढ आहे. मला तिथी सोपी गेली. आमच्याकडे घराघरात दिनदर्शिका तिथीसाठीच लटकवलेली असते.

दुसरा धडा मी आयुष्यभर विसरणार नाही, तो कांदोळीसमोरच्या पाण्याचा. उत्तर गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटर आत, २५-२७ मीटर खोलीवर एक जागा ठरलेली आहे. १९९७ पासून संस्थेचे लोक तिथे वारंवार जाऊन वरपासून तळापर्यंतचं पाणी तपासत आले आहेत. आपल्या देशाच्या किनाऱ्यालगतच्या मोलाच्या सलग नोंदींपैकी ही एक. तिच्यामुळे कळलेली गोष्ट अशी: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढतं आणि किनाऱ्याच्या उथळ भागावर पसरतं. त्याच वेळी पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि झाकणासारखं बसतं. वरची हवा खाली मिसळत नाही. वरच्या थरात वाढलेलं प्लवक मरून खाली पडतं, जीवाणू त्याला कुजवतात, उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्य होतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं, कारण अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणावर सुटतो. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे ही अवस्था बळावत असावी, ही शक्यताही त्यांनी मांडली.

यांत्रिक मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. ती उठून दर्या थोडा निवळला की सप्टेंबरच्या फेऱ्या होतात. वरच्या थराच्या बाटलीत मँगनीज घातलं आणि नेहमीचा तपकिरी साका आला. मग तळाची बाटली. मँगनीज घातलं, आयोडाइड घातलं, बाटली हलवली, आणि साका पांढराच राहिला. प्राणवायूच नाही म्हटल्यावर मँगनीजने धरायचं काय? बूच उघडताच कुजक्या अंड्यांचा वास बोटभर पसरला. सोबतचे लोक सवयीने पुढच्या बाटलीकडे वळले. मी तिथेच थबकले, कारण हा वास मला ओळखीचा होता. वैशाखात आटत आलेल्या बोडीचा तळ ढवळला की हाच येतो.

आमच्या तलावांत हे एका रात्रीत घडतं. दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याच वनस्पती, मासे आणि गाळातले जीवाणू तो वापरतात. सूर्योदयाच्या आधी पाणी सर्वांत गुदमरलेलं असतं. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, अशा उकाड्याच्या दिवसांनंतरच्या पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून गिळू लागतात. ढिवर ते लांबून ओळखतात आणि कोणते मासे आधी वर येतील, कोणते टिकतील हेही सांगतात. मरळ टिकते, कारण तिला थेट हवेतला प्राणवायू घेता येतो. कटला-रोहू आधी जातात. आबाजींनी हे मला एकाही यंत्राशिवाय शिकवलं होतं, आणि पीएच.डी.त मी जे आकडे लिहिले त्यांनी आबाजींचंच म्हणणं पक्कं केलं. कांदोळीसमोर हीच गोष्ट शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर, चार महिन्यांच्या मुदतीत घडते. मीठ वेगळं, खोली वेगळी, वाऱ्याची भूमिका वेगळी. पण गुदमरण्याचं कारण एकच: वरून झाकण आणि खालून भूक. त्या दिवसापासून मला संस्थेत पाहुण्यासारखं वाटलं नाही.

*

रिकाम्या रविवारी मी खाजनं बघत फिरले. पणजीच्या आसपास, तिसवाडी, बार्देश, सासष्टीत खाड्यांच्या कडेला ही सखल जमीन आहे. पूर्वजांनी मातीचे, पेंढ्याचे, चिऱ्याचे बांध घालून ती भरतीच्या पाण्यापासून सोडवली. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार लागतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. आत पावसाळ्यात कोरगुटसारखं खारेपण सोसणारं भात पिकतं, आणि दाराजवळच्या खोल डबक्यात मासे, कोळंबी धरतात. भात, मासा आणि बांध या तिन्हींचा हिशोब एकत्र ठेवणारी गावाची संस्था म्हणजे गावकरी, पोर्तुगीज अमलातली कोमुनिदाद.

भंडाऱ्याच्या माणसाला हे सगळं दोन मिनिटांत कळतं. आमच्याकडे चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने तलाव बांधले. उतार पाहून मातीची पाळ घातली, पाणी सोडायची मोरी ठेवली, जादा पाण्याला सांडवा दिला. तलावाखाली धान, तलावात मासा आणि शिंगाडा, काठावर गुरं. पाळ कोणी दुरुस्त करायची, पाणी कोणाला आधी, मासा कोणाचा, याचे गावाचे नियम होते. मालगुजारांच्या नावावरून या तलावांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव याच परंपरेतला. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून तो कागदोपत्री आमचा राहिलेला नाही. मारुती चितमपल्लींनी तिथल्या पाण्याची, पाखरांची आणि ढिवर-कोहळ्यांच्या ज्ञानाची ओळख मराठी वाचकाला करून दिली.

दोन्हीकडची मोडतोडही सारखीच झाली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये आला. जमीनदारी जाणं योग्यच होतं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तलाव सरकारकडे गेले आणि पाळ दुरुस्त करणारं गाव बाजूला पडलं. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे, हक्क कागदावर राहिले, गाळ साचत गेला, पाळीवर बेशरमचं तण माजलं. मासेमारीच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले आणि बाहेरून आणलेलं कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. त्यामागून गवत्या मासा आला आणि पाणवनस्पती खाऊन टाकू लागला; स्थानिक मासे जिथे अंडी घालत ती जागाच गेली. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. कसणाऱ्याला जमीन मिळणं न्याय्य होतं, पण बांधाची जबाबदारी गावकरीकडून सुटून कुळांच्या संघटनांकडे आली आणि अनेक ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव मोठा झाला तेव्हा दार नको त्या वेळी उघडं राहू लागलं, खारं पाणी शेतात शिरलं, शेत पडीक झालं.

कायदा न्यायाचा असूनही पाणी सांभाळणारी व्यवस्था कशी हातातून जाते, याचे हे दोन दाखले एकमेकांशेजारी ठेवून कोणी अभ्यासावेत असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावरचे अभ्यासक खाजनांवर लिहितात, विदर्भातले मामा तलावांवर; एकमेकांचं क्वचितच वाचतात. आमच्याकडे 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत बसून स्थानिक माशांची आणि वनस्पतींची नावं, सवयी नोंदवल्या. अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मच्छीमारांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्या कामात ढिवर बायका मोठ्या संख्येने उतरल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची, कोणता मासा तिच्या मुळाशी अंडी घालतो, हे त्यांनी ठरवलं. दोना पावलाला मी हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा खारफुटीवर काम करणाऱ्या एका वरिष्ठ बाईंनी तासभर प्रश्न विचारले आणि रोपं लावण्याच्या खोलीचा आकडा वहीत उतरवून घेतला.

माझं मत स्पष्ट आहे. कांदोळीसमोर जसं दर महिन्याला कोणीतरी जाऊन पाणी मोजतं तसं भंडाऱ्याच्या दहा-बारा तलावांत मोजायला हवं, वर्षानुवर्षं, आणि मोजणारा हात गावातल्याच मुलामुलींचा हवा. विंकलरची पद्धत बारावी शिकलेल्या मुलीला आठवड्यात येते. लागतात काचेच्या बाटल्या, चार रसायनं आणि सातत्य. या तिन्हींत सातत्यच महाग, आणि इथेच पोस्ट-डॉकच्या मुदतीचा प्रश्न येतो. सलग नोंद दशकांची असते, तिच्यावर काम करणारा माणूस दोन-तीन वर्षांचा. भरतीचं गणित अंगवळणी पडावं, तांडेलाने आपल्याला नावाने हाक मारायला लागावं, आणि तोवर कराराची मुदत संपावी, हे अनेकांच्या वाट्याला येतं. एका प्रकल्पाचं मानधन महिनोन्महिने अडकल्याने गावी परतलेली माणसं मला भेटली आहेत. कुठल्या एका संस्थेचं हे दुखणं नव्हे. देशभर तरुण संशोधकांना असंच वागवलं जातं. समुद्र मोजायचा असेल तर माणसाला किनाऱ्यावर टिकू द्यावं लागेल.

*

माझ्या सध्याच्या कामाचा रोख पूर्वेकडे आहे. वास्कोहून निघणारी अमरावती एक्सप्रेस हुबळी, गुंटकल, विजयवाडा करत राजमहेंद्रीला गोदावरी ओलांडते आणि विशाखापट्टणमला पोचते. संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र तिथे आहे. गोदावरीच्या पुलावरून गाडी संथ जाते. पात्र इतकं रुंद की पलीकडचा काठ उशिरा येतो. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी, म्हणजे या पाण्यात वैनगंगेचा वाटा मोठा. राजमहेंद्रीच्या खाली दवलेश्वरमला आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आज नवा बंधारा आहे. पावसाळ्यात त्यावरून एवढं पाणी सुटतं की खाली मुखापर्यंत खाडी गोडी होऊन जाते. उन्हाळ्यात जवळजवळ काहीच सुटत नाही आणि समुद्र आत चढतो.

वरच्या बाजूला, पवनीजवळ, गोसेखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत उतरून याच जलाशयात येतं. पाणी अडतं, गाळ अडतो, शहराचं नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र विरघळलेल्या रूपात पुढे जाऊ शकतं. गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणं झाल्यापासून समुद्रात पोचणारा गाळ घटला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटला, हे आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. विस्थापित झालेल्या गावांचा विचार आपण करतो, आणि करायलाच हवा. पण काकिनाड्याच्या खालचा कोळी आणि पवनीचा ढिवर एकाच नदीने बांधलेले आहेत, हा विचार आपल्या सिंचनाच्या चर्चेत मी फारसा ऐकलेला नाही.

आणि नदी समुद्राला मिळाली म्हणजे तिचं पाणी थांबलं असंही नाही. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांलगत ऋतूप्रमाणे दिशा बदलणारे प्रवाह आहेत. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोना पावलातूनच त्यांचा मोठा अभ्यास केला. पुढे शेट्ये या संस्थेचे संचालक झाले. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वाहतो. गंगा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांच्या पाण्याने हलका झालेला उपसागराचा वरचा थर तो आपल्यासोबत श्रीलंकेला वळसा घालून नेतो, आणि हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह त्यातला काही भाग केरळच्या बाजूने उत्तरेकडे सरकवतो. डिसेंबर-जानेवारीत आग्नेय अरबी समुद्रात क्षारता उतरलेली दिसते ती या पाण्यामुळे. उत्तरेकडे येता येता ते मिसळत, विरळ होत जातं.

त्या थरात गोदावरीचा वाटा किती, आणि गोदावरीच्या वाट्यात वैनगंगेचा किती, हे वेगळं काढणं क्षारतेच्या आकड्याने जमत नाही. पाण्याच्या रेणूतल्या प्राणवायूच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण नदीनदीत थोडं वेगळं असतं. ते धागे धरून माग काढता येतो का, हे मी पाहते आहे. त्यासाठी पवनीच्या घाटावरचं, राजमहेंद्रीच्या पुलाखालचं आणि उपसागरातलं पाणी एकाच मोसमात बाटल्यांत भरायला हवं. पवनीचं पाणी भरायला गावातली दोन मुलं तयार आहेत. बाटल्या मी दिवाळीला घरी जाताना घेऊन जाणार आहे.